या वेळी अजिंठाच

ती. आई आणि ती. अप्पा,
सविनय जयभीम.

अप्पा, पितळखोऱ्याच्या लेण्यांऐवजी अजिंठा म्हटल्यावर फोनवर तुमचा आवाज पडला, म्हणून सविस्तर लिहिते. गुरुवारची गाडी अजिंठ्याचीच सांगितली आहे. पितळखोरा शांत आहे, चौथ्या लेण्याखाली हत्तींची रांग आहे, सगळं मान्य. पण तिथे आधी पायऱ्या उतरून घळीत जायचं आणि थकल्यावर तेवढंच चढायचं. खडक ठिसूळ, पाणी मुरून दर्शनी भाग कोसळलेले. शिवाय ती मुख्यतः स्तूपपूजेच्या काळातली लेणी, बुद्धमूर्ती घडवायच्या आधीची. आईला ज्या मूर्तीपुढे बसायचंय ती अजिंठ्यात आहे. वेरूळला १ ते १२ बौद्ध लेणी आहेत, पण भुसावळहून जाऊन-येऊन दिवस गाडीतच जाईल. मागच्या उन्हाळ्यानंतर आईच्या कंबरेला ते नको.

आणि अप्पा, अजिंठ्याची ९ आणि १० ही लेणी इसवी सनापूर्वीचीच, पितळखोऱ्याच्या पिढीतली. तुमचा जुना काळ तिथेही भेटेल.

सकाळी सातला निघा, जामनेर-पहूरवरून. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते, पुढचे चार किलोमीटर एसटीची बस नेते. खरा चढ तिकिटानंतरच्या पायऱ्यांचा. आई, डोली तिथूनच करायची. लाजायचं नाही, सगळे बसतात. बंटीने भाव आधी ठरवायचा, २६ क्रमांकाच्या लेण्यापर्यंत जाऊन-येऊन, मधल्या थांबण्यासकट. नाहीतर परतीला वेगळे पैसे मागतात.

सगळी लेणी बघायचा हट्ट नको. १, ९, १०, १७ आणि २६ पुरे. पहिल्यात शिरल्यावर लगेच पुढे जाऊ नका. उन्हातून आल्यावर काही दिसत नाही, दोन-चार मिनिटं दाराशी थांबा, मग रंग वर येतात. गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला निळं कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. फ्लॅश चालत नाही, बंटीला बजावा. अगरबत्ती-मेणबत्ती नेऊ नका आई. ते रंग भाताचं तूस घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत, धुराने काळवंडतात. चित्रांच्या लेण्यांत चप्पल काढावी लागते, म्हणून बंदाची नको, पायातून सहज निघणारी घाला.

२६ मध्ये डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची, आडव्या पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती, सुमारे ७ मीटर लांब. आई, तिथे हवं तेवढं बस. त्रिशरण हळू आवाजात म्हण. लहानपणी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ते ऐकत मी झोपायचे, अजूनही झोप येईना की तुझाच आवाज आठवते. अप्पा, तोवर तिला घाई करू नका.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, पण खाणं वर उघडू नका, माकडं हिसकावतात. खाली आल्यावर सावलीत बसून खा. पाणी दोन बाटल्या प्रत्येकी. बीपीची गोळी निघण्याआधी, चहाबरोबर नाही, खाऊन झाल्यावर, जशी डॉक्टरांनी सांगितली तशी. डिसेंबर असला तरी दुपारी कातळ तापतो, टोपी हवीच.

सोमवारी अजिंठा बंद असतं. गुरुवारी जमलं नाही तर मला न विचारता सोमवारची गाडी सांगू नका. आणि दोघांपैकी कुणाला जरा जरी दम लागला तर १७ वरून परत फिरा. पितळखोऱ्याचं अप्पांचं मन मोडायचं नाही मला. गुडघ्यांचे व्यायाम रोज केलेत तर पुढच्या थंडीत मी स्वतः रजा काढून नेते.

तुमची,
बेबी