ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे हो

मा. संपादक,

आपल्या पेपरात परदेशातल्या भारतीयांवरची बातमी वाचली, हेडिंगमध्येच ‘दुहेरी नागरिकत्व’, आणि खाली सगळं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाबद्दल. अहो, आपल्याकडे तसं काही नाहीच! 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 बघा, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की इथलं संपलं. माझा पुतण्या अमेरिकेचा नागरिक झाला, त्याचा जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला तर वहिनीने तो देवघरात ठेवला, अजून कुंकवाच्या करंड्याखाली आहे. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा समजा. मतदान नाही, आणि काटोलची संत्र्याची बाग त्याला वारसाहक्काने मिळेल पण धुऱ्याला लागून असलेली शेजाऱ्याची दोन एकर विकत घेतो म्हटलं तर नाही.

ही भानगड जुनीच आहे. 19व्या शतकात जर्मन पोट्टे अमेरिकेत जाऊन नागरिक व्हायचे, मग मायबापाला भेटायला गावी आले की प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचे अधिकारी म्हणायचे तू आमचाच, चल सैन्यात. अमेरिका ओरडायची आमचा माणूस सोडा म्हणून. शेवटी 1868 मध्ये बर्लिनमधले अमेरिकेचे राजदूत जॉर्ज बँक्रॉफ्ट यांनी करार केला, पाच वर्षं राहून नागरिक झालेला तो अमेरिकेचा, पण मायदेशी येऊन दोन वर्षांच्या वर राहिला तर त्याने ते नागरिकत्व सोडलं असं धरता येईल. म्हणजे तेव्हाही कोणी दोन्हीकडचा नव्हता.

आणि खरंच दोन्हीकडचा असला तर फायदाच, असंही नाही. नागरिकत्वाबद्दलच्या 1930 च्या हेग करारात आहे की माणूस दोन्ही देशांचा नागरिक असेल तर एक देश दुसऱ्याच्या विरोधात त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. इराण तर आजही आपल्या दुहेरी नागरिकांना फक्त इराणीच मानतो, अटक झाली की दुसऱ्या देशाच्या वकिलातीला भेटू पण देत नाही. पुतण्यावर इथे उद्या काही बालंट आलं तर मुंबईचं अमेरिकन कॉन्सुलेट निदान त्याला भेटायला येऊ शकतं, कारण कागदावर तो फक्त त्यांचा आहे. हा फरक बातमीत यायला पाहिजे होता.

पुतण्या सध्या नागपुरातच आहे. तुमची बातमी वाचून समोरचे काका त्याला विचारून राहिले होते, मग मनपाच्या इलेक्शनला थांबतो ना बे?

– एक वाचक, धंतोली, नागपूर