तू लावलेली लाल वायर

बेळगाव,
१४ जुलै

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलं-बिलं नाही. माझी शुगर ताब्यात, आक्काचे गुडघे आहेत तसेच, बाकी घरात पावसाळ्यापुरतं पडसं. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच "मी म्हणालो नव्हतो?" म्हणणार आणि माझं पुढचं सगळं राहणार. म्हणायचंच आहे तुला, पण पानं संपल्यावर म्हण.

गाडी अडीच महिने आजारी होती. आपली मारुती आठशे.

एप्रिलअखेर भाच्याच्या लग्नासाठी खानापूरला गेलो. सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली, तक्रार नाही. कार्यालयाबाहेर तासाभरानं किल्ली फिरवली तर नुसतं 'कट्ट'. परत फिरवली, परत 'कट्ट'. वऱ्हाडातल्या चार पोरांनी ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, लागली. बॅटरी चार वर्षांची होतीच. नवी घेतली, तीच आपली ३५ अँपिअरची. आठ दिवस मी राजा. नवव्या दिवशी गणपत गल्लीत भाजी घेऊन आलो आणि 'कट्ट'.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. हेडलाइट लावून सेल्फ मारला तर दिवे जवळजवळ होते तसेच. बॅटरी मेलेली असली की दिवे लगेच पिवळे पडतात, हे तूच मला दहावीच्या सुट्टीत तात्यांच्या स्कूटरवर शिकवलेलंस. पण गॅरेजवाला म्हणाला सेल्फ गेलाय, आणि मी मान हलवली. सेल्फ खोलला. कार्बन ब्रश नवे, बुश नवे, आर्मेचर घासून लखलखीत. चार दिवस बरे गेले. मग बॅटरीच उतरायला लागली. मीटर लावला तर गाडी चालू असताना बॅटरीवर १२.७ व्होल्ट. चौदाच्या आसपास पाहिजे ना? म्हणून अल्टरनेटर उतरवला. तो टेबलावर अगदी व्यवस्थित चालला.

तोवर जूनचा पाऊस लागला, हेडलाइट रोजचे झाले आणि नवीच गंमत. दिवे लावले की टेंपरेचरचा काटा वर सरकायचा, बंद केले की खाली. मी म्हटलं रेडिएटर. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदललं. काटा ढिम्म. म्हणजे ढिम्म नाही, तसाच नाचत. त्यात क्लच जड झाला. इतका जड की तुझी वहिनी म्हणाली, हे चालवायचं की व्यायाम करायचा? क्लच केबल बदलली. कंपनीनं २०१४ च्या जानेवारीत आठशे बनवणं बंद केलं तरी केबल मिळते, तेवढं एक बरं. तीन आठवड्यांत नवी केबलही जड.

कळस झाला टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटवर. रेल्वे गेली, गेट उघडलं, आणि मी सगळ्यात पुढे. 'कट्ट'. मागून हॉर्नचा नुसता धुमाकूळ. रिक्षातून एक गृहस्थ उतरले, "दब्ब्री, दब्ब्री", म्हणजे ढकला-ढकला, म्हणत स्वतःच मागे लागले. तुझी वहिनी पदर खोचून त्यांच्या शेजारी. रुळांवरनं ढकलत पलीकडे. ती शहापूर येईपर्यंत बोलली नाही, आणि नंतर जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मुलगा म्हणतो भंगारात द्या. त्याला काय, त्याच्या गाडीत बॉनेट उघडलं तर सगळं प्लॅस्टिकचं झाकण. आत काय आहे ते त्यालाही माहीत नाही.

शेवटी उद्यमबागेतल्या त्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो, तेच, ज्यांच्या दुकानात आपण रेडिओची ट्रान्झिस्टरं मागायला जायचो. आता दुकान नाही, घरातच करतात. मी बॅटरीपासून सगळी रामकथा सांगायला लागलो. ऐकेचनात. "बॉनेट उघड. मी सांगतो तेवढा वेळ सेल्फ मार." मारला. "आता उतर, ह्याला हात लाव." क्लच केबल. हात लावला आणि बोंबललो. इस्त्रीसारखी तापलेली!

मग समजावून सांगितलं, ते तुला कशाला सांगू, तुला तोंडपाठ आहे. तरी लिहितो, मला लिहायचंय. इंजिन बसलेलं रबरी माउंटिंगवर, म्हणजे बॉडीपासून ते तुटलेलंच. सेल्फला लागणारा सगळा करंट इंजिनमधून बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायचा तो एकाच जाड अर्थिंगच्या वायरीतनं. ती खलास झाली की करंट दुसरी वाट शोधतो. क्लच केबल लोखंडाची, एक टोक इंजिनकडे, दुसरं बॉडीकडे. बिचारी शंभर अँपिअर ओढत होती. आतलं प्लॅस्टिक वितळलं, म्हणून जड. अल्टरनेटर इंजिनवरच बसलेला, म्हणून चार्जिंग अर्धवट. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनच्या अर्थिंगवर, म्हणून काटा दिव्यांबरोबर नाचणार. चार रोग नव्हते रे, एकच होता.

मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनवर, आणि सेल्फ. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर फार झाला. माझा ३.९! मग जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला, एक इंजिनला, किल्ली फिरवली, आणि बंड्या, अशी लागली जशी तात्यांनी १९९७ मध्ये शोरूममधून आणली तेव्हा लागायची. मी हसत सुटलो. ते म्हणाले, "हसूलालास काय? बॅटरी बदललास, सेल्फ खोललास, अर्थिंग बघायला बाहेरनं माणूस यायचा होता काय?"

मूळ वायर सोडवली. वरून रबर तुकतुकीत, आत तांब्याचं हिरवं पीठ. ते गिअरबॉक्सकडे टॉर्च मारून म्हणाले, "इथं अजून एक वायर होती की. कोण काढलं?"

बोल्टभोवती नाण्याएवढी जागा घासलेली. घासून घासून चकचकीत केलेली, मग वरून ग्रीस. असं वेड्यासारखं घासणारा माणूस मला एकच माहीत आहे.

२००९, आंबोली, धुकं, रात्रीचे साडेदहा. डिकीतल्या वेल्डिंगच्या केबलचा लाल तुकडा काढून तू इंजिन ते बॉडी जोडलीस, आणि मी टॉर्च धरून म्हणालो, निगेटिव्हला लाल? चार दिवस टिकली तर नाव सांगू नको. नंतर दर दिवाळीला फराळाला त्याच वायरीवरनं तुझी चेष्टा. बॅटरीची पॉझिटिव्ह आधी सोडून पाना बॉडीला टेकवला तो मी, घड्याळाचा पट्टा जळला तो तुझा, आणि चेष्टाही तुझीच.

तर खरं काय ते लिहितो. लग्नाआधी इंजिन धुवायला दिलं होतं. तिथल्या पोरानं विचारलं, "अण्णा, ही लाल बॉडीला कुणी जोडलीय? शॉर्ट होईल की." मी म्हणालो काढून टाक. बघितलंसुद्धा नाही. तुझी आठवणही आली नाही, हे जास्त वाईट. की आली होती, म्हणूनच काढ म्हणालो? तात्यांच्या तेराव्याला तू म्हणालास गाडी विकलीस तर आधी मला सांग, आणि मी म्हणालो तुझा काय संबंध. ते मागे घेतो. दोन वर्षांपूर्वीच घ्यायचं होतं. दर महिन्याला म्हणायचो पुढच्या महिन्यात.

तुझं काय? लेकीचं सिंगापूरचं पक्कं झालं का? मोतीबिंदू काढलास म्हणे, आक्काकडून कळलं. चिंचवडचा तो पाण्याचा प्रश्न मिटला? वहिनींना नमस्कार. कुंदा पाठवीन, कुणी येणारं भेटलं की.

गाडीला आता नवी काळी वायर घातलीय, १६ स्क्वेअरची. दोन्ही टोकांचा गंज आणि रंग पॉलिश कागदानं घासला, दातेरी वॉशर टाकले, आवळल्यावर वर व्हॅसलीन. मीटर ०.१८ दाखवतो. बॅटरीवर १४.१. काटा जागेवर. परवा भर पावसात चोर्ला उतरून साखळीपर्यंत जाऊन आलो, काम काही नव्हतं. तीनदा मुद्दाम बंद करून चालू केली. तिसऱ्यांदा तुझी वहिनी म्हणाली पुरे.

तुझा लाल तुकडा त्या पोरानं टाकला नव्हता. डिकीत, जॅकच्या फडक्यात गुंडाळलेला सापडला. काळीच्या शेजारी तोही परत बसवायचाय. एका टोकाचा लग, म्हणजे बोल्टात अडकवायची कडी, मात्र सैल झालाय, नवा दाबावा लागेल, आणि लग दाबायची माझी पक्कड २०११ पासून तुझ्याकडे आहे. नाही म्हणू नकोस, पिवळ्या मुठीची. गणपतीला येताना घेऊन ये.

तुझा,
नाना