फर्निचरचं दुकान

चि. सौ. लेकीस अनेक आशीर्वाद,

आम्ही सुखरूप पोहोचलो. तुझ्या आईचे गुडघे विमानात आखडले होते, आता बरे आहेत. फोनवर रोज बोलणं होतंच, पण ही गोष्ट फोनवर माझ्या तोंडून नीट निघाली नसती, म्हणून लिहितोय.

तुझं लग्न ठरलं तेव्हा जो तो विचारायचा, मुलाचे वडील काय करतात? मी सांगायचो, "अमेरिकेत इंडियानात त्यांचं फर्निचरचं दुकान आहे, चार पिढ्यांचं." फ्युनरल होमचं, म्हणजे गेलेल्या माणसाची शेवटची सगळी व्यवस्था करण्याच्या त्यांच्या धंद्याचं, नाव मी काढलं नाही. तू शेजारीच उभी होतीस. तू काही बोलली नाहीस, पण तुझा चेहरा मला आठवतो. ते मला आजवर सलतंय. महिनाभर व्याह्यांकडे राहून आलो आणि आता ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

खरं तर ते दोन धंदे मुळात वेगळे नव्हतेच. तिकडच्या लहान गावात रंधलेल्या फळ्या, खिळे आणि मापाची पट्टी ज्याच्याकडे, तोच पलंग करायचा, कपाट करायचा आणि कोणी गेलं की शवपेटीही करायचा. माणूस घरातच ठेवलेला असे. न्हाऊमाखू घालण्याचं काम घरातल्या आणि शेजारच्या बायका करत. सुतार पेटी आणायचा, बसायला खुर्च्या आणायचा आणि गाडीघोडे जोडायचा. दुकानाच्या पाटीवर 'फर्निचर अँड अंडरटेकिंग', म्हणजे फर्निचर आणि अंत्यविधीची व्यवस्था, असं एका ओळीत लिहिलेलं असे. व्याह्यांच्या मागच्या खोलीत त्या घडीच्या खुर्च्या अजून आहेत. पाठीवर घराण्याचं नाव रंगवलंय, बोट फिरवलं तर रंगाचा उंचवटा हाताला लागतो.

एका सकाळी ते मला गावच्या वाचनालयात घेऊन गेले आणि जुन्या जनगणनेची पानं काढून दिली. 1880 मध्ये त्यांच्या पणजोबांच्या नावापुढे 'कॅबिनेट मेकर', म्हणजे सुतार. 1900 मध्ये त्याच माणसापुढे 'अंडरटेकर'. मधली 1890 ची पानं बघायची होती, पण ती नाहीतच. वॉशिंग्टनमध्ये 1921 साली लागलेल्या आगीत त्या वर्षीची बहुतेक कागदपत्रं गेली. म्हणजे हा माणूस नेमका कधी बदलला, ते सांगणारा कागदच उरला नाही.

का बदलला, याची मात्र घरात एक गोष्ट आहे. 1865 साली लिंकन यांचं पार्थिव वॉशिंग्टनहून त्यांच्या गावी, स्प्रिंगफिल्डला रेल्वेने नेलं, जवळपास 1,700 मैल. गाडी इंडियानातून रात्रीची गेली. लोक रुळांच्या कडेला शेकोट्या पेटवून उभे होते आणि त्यांत दहाएक वर्षांचे पणजोबा वडिलांचा हात धरून होते. त्याच गाडीत लिंकन यांच्या तिसऱ्या मुलाची, विलीची पेटीही होती. तो 1862 मध्येच गेला होता. औषध भरून देह टिकवता येतो आणि दूरच्या माणसाला घरी आणता येतं, हे सामान्य लोकांना कळलं ते तेव्हाच्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात आणि त्या गाडीमुळे. पुढे सिनसिनाटीला 1882 साली एम्बामिंगची, म्हणजे असा देह टिकवायला शिकवणारी, शाळा निघाली. पणजोबांनी मोठ्या मुलाला, म्हणजे व्याह्यांच्या आजोबांना, तिथे शिकायला धाडलं. 'फ्युनरल डायरेक्टर' हे नाव या धंद्यातल्या लोकांच्या राष्ट्रीय संघटनेनेच उचलून धरलं. तीही 1882 चीच. पणजोबा मात्र शेवटपर्यंत स्वतःला सुतारच म्हणवत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दुकानामागच्या लोखंडी कपाटात खातेवह्या आहेत. व्याह्यांनी 1918 ची काढून माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. सप्टेंबरपर्यंत आजोबांचं तिरकं, घाईचं अक्षर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अक्षर बदलतं. गोल, सुटं, शाळेतल्यासारखं. फ्लूच्या साथीत आजोबाच अंथरुणाला खिळले होते आणि वही आजींच्या हातात आली. तिकडे तो महिना सगळ्यांत वाईट गेला. त्या साथीत सबंध देशात सुमारे 6,75,000 माणसं गेली आणि कितीतरी ठिकाणी पेट्या पुरल्या नाहीत. आजींच्या एका पानावर नऊ नावं आहेत. एक ओळ मी उतरून घेतली: मुलगी, वय 6, पेटी 4 फूट, पांढरी. पुढच्या रकान्यात रक्कम नाही. 'दोन गाड्या लाकूड' असं लिहून त्यावर रेघ मारली आहे आणि खाली 'मिटलं'. लाकूड आलं की नाही, ते कळत नाही. अशा रेघा पुढच्या पानांवरही दिसल्या. मी चौदा मोजल्या आणि मग मोजवेना.

त्या बाईंचं वय तेव्हा पंचवीसच्या आतबाहेर. घरात पाळण्यात मूल, वर नवरा आजारी, खाली दुकान. गेलेल्या बायका आणि लहान मुलं त्यांनीच न्हाऊ घातली, कपडे केले, केस विंचरले. जाहीर सभा-समारंभांवर बंदी होती, तेव्हा कितीतरी घरांत शेवटचा परका हात त्यांचाच लागला असेल. आणि 1920 च्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय? 'नन'. काही नाही. दुकानाच्या पाटीवर 'अँड सन्स'. मला ते वाचून राग आला, आणि लगेच लक्षात आलं की मीही तुझ्या लग्नात तेच केलं होतं. ज्यांनी काम केलं त्यांच्या कामाचा रकाना मोकळा ठेवला.

व्याह्यांच्या वडिलांचं तू ऐकलंच असशील. तेव्हा शववाहिका हीच गावची ॲम्ब्युलन्सही असे, सत्तरच्या दशकापर्यंत तिकडे बऱ्याच ठिकाणी असंच होतं. रात्री फोन वाजला की ते आधी विचारायचे, "जिवंत आहे ना?" आणि त्यावर गाडीत काय ठेवायचं ते ठरायचं. राहायचं वरच्या मजल्यावर. खाली कोणी आलेलं असलं की मुलांनी मोजे घालून चालायचं. व्याही अजूनही जिन्यावरून पाय न वाजवता उतरतात, पाहिलंस?

दरपत्रक मागणाऱ्याला देण्याचा कायदा तिथे 1984 पासून आहे. पण व्याही खुर्ची पुढे करतात, पाणी देतात आणि कोणी मागायच्या आधी कागद हातात ठेवतात. सगळ्यांत स्वस्त काय, ते पहिल्यांदा सांगतात. मी दोनदा पाहिलं.

आता ते विकायचं म्हणताहेत. 2015 च्या सुमारास तिकडे दहनाने दफनाला मागे टाकलं, पेट्यांवर चालणारं गणित बसेनासं झालंय आणि एका मोठ्या कंपनीची मागणी आली आहे. जावयांनी धंदा घ्यावा की घेऊ नये, यात मी पडणार नाही. तुम्ही दोघं ठरवाल ते योग्यच असेल. माझं मागणं वह्यांपुरतं आहे. इमारत गेली तरी वह्या जाऊ देऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव, ऑक्टोबर 1918 आधी. त्यांत लोकांच्या घरच्या खासगी गोष्टी आहेत, तेव्हा मूळ वह्या कोणाकडे सोपवायच्या ते व्याह्यांना विचारूनच ठरव.

इकडे मी सगळ्यांना फोन करून नीट सांगायला सुरुवात केली आहे. मोठ्या काकांना सांगून झालं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अवघड काम आहे हो." बाकीच्यांना या आठवड्यात सांगतो.

आणि एक. तुझ्या मुलासाठी मी त्याच्या दोन्हीकडच्या घराण्यांची वंशावळ मोठ्या कागदावर काढायला घेतली आहे. त्या आजींचं नाव जनगणनेत मिळालं, पण ते सासरच्या आडनावाने. माहेरचं नाव कुठेच नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. व्याह्यांच्या थोरल्या बहिणीला ठाऊक असेल. विचारून कळव. चौकोन आखून ठेवला आहे, शाईही त्याच दौतीतली राखून ठेवली आहे.

तुझे,
बाबा