होमस्टेमधील मुलांना बोलू द्या

महोदय,

फेब्रुवारीअखेर ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांचे वर्ष सुरू होते आणि महाराष्ट्रातून मेलबर्नला आलेली काही मुले पहिले काही महिने स्थानिक कुटुंबाच्या घरी, म्हणजे होमस्टेमध्ये, राहतात. मी याच शहरात राहत असल्याने अशा मुलांशी माझे नेहमी बोलणे होते. निघताना घरच्यांनी त्यांना बजावलेले असते की, दुसऱ्याचे घर आहे, मिळेल ते खा, तक्रार करू नकोस. या सांगण्यामागची माया मला कळते. परंतु त्यापायीच मुले अर्धपोटी राहतात, हे पालकांना स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

जेवणाचेच पाहा. येथील अनेक घरांत रात्रीचे जेवण साडेसहाच्या सुमारास होते आणि कोणी जेवायला येणार नसेल तर त्याने ते आधी कळवावे, अशी अपेक्षा असते. आपली मुले ‘शाकाहारी’ एवढेच सांगतात. मग ताटात कधी अंडे, कधी मासा येतो, तो न बोलता बाजूला सारला जातो आणि यजमानीणबाईंना वाटते की मुलाला भूकच कमी आहे. काय चालते, काय चालत नाही, आठवड्यातून एकदा वरणभात मी केला तर चालेल का, हे पहिल्याच आठवड्यात विचारले तर बहुतेक कुटुंबे आनंदाने ऐकतात. फोडणी देताना मात्र चिमणीचा पंखा लावावा, कारण धुराचा इशारा देणारे यंत्र येथे प्रत्येक घरात कायद्याने सक्तीचे आहे.

अंघोळ चार-पाच मिनिटांत उरकण्याचा आग्रह मुलांना कंजूषपणा वाटतो. वास्तविक १९९७ ते २००९ या काळात या भागाने प्रदीर्घ दुष्काळ सोसला आणि २००८ मध्ये मेलबर्नमध्ये दररोज माणशी १५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठरवले गेले. ती सवय लोकांनी पुढेही जपली. मराठवाड्यातून आलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पालकांनी आपल्या फोनच्या वेळेचाही विचार करावा. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात मेलबर्नचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणजे आपण रात्री आठला फोन लावतो तेव्हा तेथे दीड वाजलेला असतो. पातळ भिंतींच्या घरात मुलगी कुजबुजत बोलते आणि सकाळी सगळ्यांचीच झोप अपुरी राहिलेली असते.

यजमान खरोखरच अन्नात कुचराई करीत असतील किंवा खोलीला कुलूप लावू देत नसतील, तर तेही सहन करू नये. परदेशी विद्यार्थ्यांना मदत करण्यासाठी प्रत्येक शिक्षणसंस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांपैकी संपर्कव्यक्ती नेमणे ऑस्ट्रेलियात बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या राहण्याची व्यवस्था संस्थेने मान्य केली असेल, तर ती योग्य आहे ना, हे पाहण्याची जबाबदारीही संस्थेवरच असते. होमस्टेच्या करारात कोणती जेवणे समाविष्ट आहेत आणि घर सोडायचे तर किती दिवस आधी कळवायचे, हे लिहिलेले असते. तो करार पालकांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच मुलांसोबत बसून वाचावा.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत अशा घरांत राहिलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

आपली,
एक वाचक, मेलबर्न