जपानात कोफूला राहणाऱ्या मुलीस पत्र

मिरज, 11 फेब्रुवारी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "बाबा, आता ताप नाही" म्हणालीस आणि लगेच खोकलीस. आई उठून स्वयंपाकघरात गेली ती त्यामुळे. तुला न्यूमोनिया झाला होता हे आम्हाला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं, तेही तू पुन्हा लॅबमध्ये जायला लागल्यावर. त्यावर मी काही लिहिणार नाही असं ठरवलंय.

तेव्हा तुझ्या गावाविषयी लिहितो. तुला कोफूला प्रवेश मिळाला तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की हे इशिबाशी तानझान यांचं गाव. कोणालाच नाव माहीत नव्हतं. वर्गात मी जपान शिकवायचो तेव्हा योशिदा, किशी, सातो या पंतप्रधानांवर तास जायचे. इशिबाशी एका ओळीत उरकायचे. डिसेंबर 1956 ते फेब्रुवारी 1957, 65 दिवस पंतप्रधान, आजारपणामुळे राजीनामा. निवृत्तीनंतर सवडीने वाचलं, आणि आता तो माणूस डोक्यातून जात नाही.

जन्म टोकियोतला, 1884 चा, पण वाढले तुमच्या यामानाशी प्रांतात. वडील निचिरेन या बौद्ध पंथाचे पुरोहित. त्यांनी लहानग्या मुलाला मोचिझुकी निक्केन या दुसऱ्या पुरोहितांच्या हाती सोपवलं, आणि पुढे मुलाने घरी पाठवलेल्या पत्रांना उत्तरच येत नसे. शिस्त म्हणून असेल, पण मला त्या बापाचा राग येतो. एवढंसं पोर पत्र लिहितं आणि वाट बघत बसतं!

कोफूच्या शाळेत ते दोनदा नापास झाले. त्या लांबलेल्या वर्षांमुळेच ओशिमा मासाताके हे नवे मुख्याध्यापक त्यांना लाभले आणि त्यांचा ठसा आयुष्यभर राहिला. टोकियोच्या नावाजलेल्या फर्स्ट हायस्कूलची प्रवेशपरीक्षाही दोनदा हुकली. मग वासेदा विद्यापीठात तत्त्वज्ञान घेतलं आणि 1907 मध्ये वर्गात पहिले आले. तू ड्रॉप घेतलास त्या वर्षी ताईआत्या जे बोलली, त्यावर तू दोन घास सुद्धा न खाता वर निघून गेलीस. तेव्हा ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. त्याच मुलीला पुढे जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, हे मी अजूनही बँकेच्या रांगेत लोकांना सांगतो. आईला ते आवडत नाही.

खोकल्याबरोबर कफ पडतो का? कोणत्या रंगाचा?

असो. 1911 मध्ये ते 'तोयो केइझाई शिनपो' या अर्थविषयक नियतकालिकात गेले आणि 1921 मध्ये त्यांनी जे लिहिलं ते मी दोनदा वाचलं. सगळा देश साम्राज्याच्या नशेत असताना हा गृहस्थ म्हणतो, कोरिया, तैवान, मांचुरिया सगळं सोडून द्या. आणि भावनेने नाही, हिशोब मांडून. कोरिया, तैवान आणि मांचुरियातला क्वांतुंग प्रदेश मिळून जपानचा व्यापार वर्षाला सुमारे 90 कोटी येनचा. एकट्या अमेरिकेशी 140 कोटींच्या वर, आणि आपल्या हिंदुस्थानशी 58 कोटींच्या वर. मग या वसाहती जगण्यासाठी हव्यात म्हणणं खोटं नाही का? त्या काळात, त्या देशात हे छापायला छाती लागते. आकडे समोर ठेवून आपल्याच लोकांशी भांडणारा माणूस मला फार मोठा वाटतो. तू लॅबमध्ये तेच करतेस, म्हणून तुला तो कळेल.

त्यांनी ज्या वाटेला विरोध केला होता तिनेच त्यांचा मुलगा नेला. काझुहिको नौदलात होता. फेब्रुवारी 1944 मध्ये पॅसिफिकमधल्या क्वाजालीन बेटावर मारला गेला. या लढाईचा शेवट कसाही होवो, तुझं मरण मी तुझ्या जागी उभा राहून देशाच्या कामी आणीन, अशा अर्थाच्या ओळी बापाने त्याच्यासाठी लिहिल्या. त्यापुढे मला वाचवलं नाही. पुस्तक मिटून अंगणात जाऊन आलो.

युद्धानंतर 1946 मध्ये ते योशिदांचे अर्थमंत्री झाले. पराभूत देशाच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा अमेरिकी फौजांच्या खर्चात जात होता. तो कमी करा म्हणून ते देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकनांशी भांडले. 1947 मध्ये त्यांच्यावर सार्वजनिक पदांची बंदी आली, ती 1951 पर्यंत टिकली. मग डिसेंबर 1956, सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक. पहिल्या फेरीत किशी 223, इशिबाशी 151, इशिई 137. दुसऱ्या फेरीत दुसरा आणि तिसरा एकत्र आले आणि इशिबाशी 258 विरुद्ध 251 असे निवडून आले. सात मतांनी. वय 72.

आणि मग जानेवारी. तुमच्याकडची तीच थंडी. पंतप्रधान झाल्या झाल्या गावोगाव सभा. महिनाअखेरीस अंथरूण धरलं. आधी सर्दी, मग न्यूमोनिया, शिवाय पक्षाघाताचा सौम्य झटका. डॉक्टर म्हणाले, दोन महिने विश्रांती. संसदेत अंदाजपत्रकाची चर्चा तोंडावर आलेली. त्यांनी पत्र लिहून कळवलं की या चर्चेला मी एक दिवसही हजर राहू शकत नसेन, तर पदावर राहणं माझ्या राजकीय सदसद्विवेकाला पटत नाही. सोडलं पद. विरोधकांनीही मान दिला.

याची मुळं जुनी होती. 1930 च्या नोव्हेंबरात टोकियो स्टेशनवर पंतप्रधान हामागुची यांच्यावर गोळी झाडली गेली. ती जागा दाखवणारी खूण स्टेशनात आजही आहे, कधी गेलीस तर बघ. जखम भरली नव्हती, तरी विरोधकांच्या रेट्यामुळे आणि शब्द दिला म्हणून ते मार्चमध्ये संसदेत येऊन उभे राहिले. ऑगस्टमध्ये गेले. आजारी पंतप्रधानाने खुर्ची सोडायला हवी होती, अशी टीका तेव्हा इशिबाशींनीच केली होती. पंचवीसेक वर्षांनी वेळ स्वतःवर आली, तेव्हा त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

तू म्हणशील, बाबा, माझी पीएच.डी. म्हणजे काही जपानचं पंतप्रधानपद नाही. नाही ना? मग सोडायला केवढं थोडं आहे बघ! दोन आठवडे. एक परिषद. तुझे इंधन-घट आणि ती मेम्ब्रेन तुझी वाट बघतील. हामागुचींनी शब्द पाळला, बाणेदारपणा म्हणून लोक आजही सांगतात, पण माणूस गेला. आपल्या नानांनीही "एवढा सीझन होऊ दे" म्हणून छातीचं दुखणं काढलं होतं. तू चौथीत होतीस. मला ते पुन्हा...

भाषण झालं. रागावू नकोस, सवय जात नाही.

इशिबाशींच्या जाण्याने नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी किशी आले आणि 1960 मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा करारावरून टोकियोचे रस्ते पेटले. इशिबाशी टिकते तर चीनशी संबंध कदाचित आधी जुळले असते. पण ते बरे झाले ना! 1959 मध्ये स्वतः चीनला जाऊन तिथले पंतप्रधान चाउ एन-लाय यांच्याबरोबर संयुक्त निवेदन काढून आले. 1972 मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका पेकिंगला गेले आणि संबंध जुळले, ते बघायला इशिबाशी हयात होते. 1973 च्या एप्रिलमध्ये वारले, 88 व्या वर्षी. राजीनाम्यानंतर सोळा वर्षं मिळाली. मला तुझी सोळा नाही, साठ हवीत.

लहानपणी तुझी छाती भरायची तेव्हा आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग तुझ्या पाठीवर ठेवायची. तू झोपेतच "अजून" म्हणायचीस. तिथे तव्यावर पुरचुंडी कोण ठेवणार, हे ती काल रात्री दोनदा म्हणाली.

तुझ्या प्रोफेसरांना रजेचं लिहायला संकोच वाटत असेल तर मला सांग, मी इंग्रजीत मसुदा करून देतो. एवढं काम मला नक्की येतं. एक्स-रे पुन्हा कधी काढायचा ते कळव. आईला आज रात्री फोन कर, आणि खोकला आला तर फोन म्यूट करू नकोस. तिला कळतं.

तुझे,
बाबा

ता. क. औषधाच्या पाकिटाचा फोटो पाठव. जपानीत असलं तरी चालेल, समोरचे डॉक्टरकाका बघतो म्हणालेत.