आई-बाबांना, त्या गाडीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आम्ही घेतलेल्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या त्या गाडीचा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई विचारते, जेवलात का. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात मला मध्येच कुणी थांबवणार नाही.

बाबांचं म्हणणं मला पाठ आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ते पोटासाठी वणवण करणाऱ्यांचं, चांगलं घर असताना ते हौसेनं कशाला घ्यायचं? वर्षाचे किती दिवस ती गाडी फिरणार? वाडीतले लोक विचारतील, लेकीला राहायला जागा नाही का? आईला तर एवढंच वाटतं की रस्त्याच्या कडेला झोपायचं म्हणजे जिवाला घोर. प्रश्न खरे आहेत, आणि ते माझ्या काळजीपोटी आले आहेत हेही मला कळतं.

आधी दिवसांचं बोलते. आपल्या वाडीत वरच्या अंगाची किती घरं बारा महिने उघडी असतात? गणपतीला चाकरमानी येतात, शिमग्याला पालखी घरी यायची म्हणून येतात, जमलं तर मे महिन्यात आंब्याला. बाकी कुलूप. तरी दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारायची, वाळवी बघायची, घरपट्टी भरायची, विजेचं बिल भरायचं. त्या घरांच्या चाव्या तुमच्याच खुंटीला असतात, बाबा. त्यांची अंगणं तुम्ही झाडून घेता. ‘एवढ्या चार दिवसांसाठी घर कशाला ठेवलंय’ असं तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मनात आलं की येता यावं म्हणून माणूस घर राखतो, हे तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. माझ्या गाडीकडेही त्याच नजरेनं बघा, एवढंच मागणं आहे.

दुसरं, ही श्रीमंतांची चैन, असं तुम्हाला वाटतं. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा पेपरात आलेले ते बसएवढे सोफे-टीव्हीवाले फोटो तुमच्या डोळ्यांसमोर असणार. अशा गाड्यांची सुरुवात चैनीतूनच झाली, हे खरं. इंग्लंडात विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरानं 1885 मध्ये नुसत्या फिरण्यासाठी ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. ओढायला दोन घोडे, बरोबर गाडीवान आणि नोकर. तशी चैन मलाही नको. मला जवळची वाटते ती जर्मनीतली गोष्ट. आरिस्ट डेथलेफ्स हा चाबूक करणाऱ्या कारखानदार घरातला माणूस, मालाच्या विक्रीसाठी सतत बाहेरगावी असायचा. त्याच्या चित्रकार बायकोला मागे एकटं राहायचं नव्हतं. म्हणून 1931 मध्ये त्यानं मोटारीमागे जोडायची एक लहानशी खोली बांधली, आणि घरचे त्याच्याबरोबर निघाले. आपलं माणूस मागे राहू नये म्हणून बांधलेली गाडी. मी घेतली तीही त्याचसाठी.

आई, आता तुझं सांगते. माझ्याकडे पुण्याला यायचं ठरलं की तू आदल्या रात्रीपासून पाणी पिणं तोडतेस. ब्लडप्रेशरची जी गोळी लघवीला लावते, तीही त्या दिवशी घेत नाहीस. मला माहीत नाही असं तुला वाटतं. चिपळूण सोडल्यापासून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराडपर्यंत तू सीटवर अवघडून बसतेस. वाटेतल्या संडासात ओल्या फरशीवर उकिडवं बसणं तुझ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि दरवाजाला कडी असेल याचाही भरवसा नसतो. पुढचे दोन दिवस डोकं धरून पडतेस आणि म्हणतेस, प्रवास सोसत नाही. आई, तुला प्रवास सोसतो. लहानपणी मला आणि दादाला एसटीत मांडीवर घेऊन सहा-सहा तास तूच नेत होतीस. आज तुझं अडतं ते एका स्वच्छ, बसायच्या संडासावर. मला या गोष्टीचा फार राग येतो. आपल्याकडच्या किती बायकांचं फिरणं या एका कारणानं थांबलं असेल, आणि त्या सगळ्या ‘आता नको वाटतं’ एवढंच सांगत असतील.

या गाडीत बसायचा संडास आहे. त्याखाली बंद टाकी असते. ती काढून न्यायची आणि घरच्या संडासात रिकामी करायची. ते काम माझं आणि मिलिंदचं, तुम्ही दोघांनी तिकडे बघायचंही नाही. एक गादी कायम घातलेली असते, गुडघ्याला चढायला जड जाऊ नये म्हणून दाराशी जादा पायरी बसवून घेतली आहे. छोटा गॅस आहे, डोक्यावर हवा खेळायला झरोका आहे. मऊ भात, मेतकूट, तुझा बिनसाखरेचा चहा, सगळं जागच्या जागी होतं.

देवगडच्या मावशीकडे तू किती वर्षांत गेली नाहीस, हे तूच मोज. विचारलं की म्हणतेस, ती एकटी, तिला कशाला त्रास, माळ्यावरच्या गाद्या काढाव्या लागतील. आणि तिकडे तीही हेच म्हणत असणार. कुणाच्या दारात ओझं होऊन जायचं नाही, ही तुम्हा दोघींची जन्माची सवय. पण आपलं अंथरूण आपल्याबरोबर असलं तर? तिच्या खळ्यात गाडी उभी करायची, दिवसभर दोघींनी पडवीत बसून बोलायचं, रात्री आपापल्या जागी झोपायचं. जाताना तवसाळला फेरीबोटीत गाडी घालून जयगडला उतरू. मग गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड. रथसप्तमीला कशेळीच्या कनकादित्याचा उत्सव असतो, तो साधू, आणि पुढे आडिवऱ्याला महाकालीची ओटी भरू. कुठल्याही दिवशी मन झालं नाही तर गाडी वळवायची. हॉटेलचं बुकिंग बुडेल ही चिंता नाही.

झोपायचं कुठे, तर जिथं चार घरं आहेत आणि विचारायला माणूस आहे तिथंच. देवळाच्या भक्तनिवासाच्या आवारात, ओळखीच्यांच्या अंगणात. निर्जन सड्यावर किंवा किनाऱ्यावर नाही. बाहेरगावच्या गाड्या वाळूत घालणाऱ्यांवर आपले लोक चिडतात, ते बरोबरच आहे. भरतीत गाडी रुतली की ट्रॅक्टर गावानं आणायचा, आणि खरकटं पाणी ओतून पाहुणे निघून जाणार. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाला भुलून समुद्राऐवजी भलतीकडे जातात. तिथं हेडलाइट लावून उभं राहणं मला जमणार नाही, आणि कुणी राहिलं तर मी त्याला बोलणार.

बाबा, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलंत, तेव्हा कागदाचं तुम्हालाच आधी सांगायला हवं होतं. आम्ही साधी व्हॅन घेऊन मनानं फोडाफोड केलेली नाही. नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नं मनाई आहे, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. आपली गाडी जुनी घेतलेली असली तरी आरसीवर वाहनाचा वर्ग मोटर कॅरॅव्हॅन असाच आहे. कर्ज नाही. निम्मे पैसे नणंदेचे, विमा आणि टॅक्सही निम्मा-निम्मा.

मुद्दाम लहान घेतली. मागे जोडायची घेतली असती तर स्वस्त पडली असती, पण आपल्या वाडीच्या रस्त्यावर समोरून डंपर आला तर दोन दगडी गडग्यांच्या मध्ये ती रिव्हर्स कुणी घ्यायची? ही साडेसोळा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद आहे. बॅटरीवर रात्रभर एसी चालत नाही, त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच कोकणात आणायची. पावसाळ्यात दरडींच्या घाटात तिचं काही काम नाही, पुण्यात शेडखाली उभी राहील. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्ला जातो हे तुम्ही सांगायच्या आधीच सांगते: किनाऱ्यावरून परतलं की खालून गोड्या पाण्यानं धुवायची, असं ठरवलं आहे.

आता तुमच्याकडून दोन कामं हवी आहेत. आपल्या बेड्याशी, म्हणजे फाटकापाशी, गडग्यातली वाट किती फूट आहे ते टेप लावून कळवा. सात फुटांच्या आत असेल तर एका बाजूचे चिरे काढावे लागतील. आणि गाडी आली की तुम्ही खाली शिरून कमानपाटे, ब्रेकची नळी, टायर बघायचे. तुम्ही नको म्हणालात तर ती दुरुस्त होईपर्यंत आई त्यात बसणार नाही. लोक काय म्हणतील त्याचं मी बघेन, पण गाडीबद्दल तुमचा शब्द शेवटचा.

मावशीला इतक्यात काही सांगू नका. तिला कळलं तर ती आजपासून आंबोळ्यांचं पीठ दळून ठेवील. तारीख ठरली की मीच फोन करीन.

तुमची,
मनू