स्नॉर्केलिंगला निघण्याआधी तिथी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की मालवणात स्नॉर्केलिंगसाठी रीघ लागते. बेत ठरतो शनिवार-रविवार बघून. तो तिथी बघून ठरायला हवा.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा येतात, पण ते उधाण. पाण्याला ओढ, गाळ उठलेला, हातभर पुढचं दिसत नाही. नवमी ते एकादशी भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. सकाळी वारा पडलेला, पाणी निवळ आणि खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, पुरेसं चढलेलं. ओहोटीला तेच कमरेएवढं उतरतं, मग दमलेला माणूस पाय टेकतो. दगड समजून टेकतो, पण खाली जिवंत प्रवाळ असतो. घुमटासारखा पोराइट्स जातीचा प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. वीतभर उंचीला वीसेक वर्षं लागतात. टाचेनं वरचा मऊ थर सोलला की तिथे शेवाळ बसतं.

नवखा उभा राहतो तो बहुधा मास्कमध्ये पाणी शिरल्यामुळे. कडेखाली केस अडकलेले असतात, नाहीतर मिशी. (मिशीवाल्यांनी ओठाच्या वर थोडं व्हॅसलीन लावावं.) मान वर करून मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकानं जोरात श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. हे किनाऱ्यावरच्या वाळूत, गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं करून घेतल्याशिवाय कुणालाही बोटीत बसवू नये.

माशांना पाव टाकणं बंदच व्हावं. फोटोत झुंबड छान दिसते, पण शेवाळ खुडणारे मासे पावाला सोकावले तर प्रवाळावरचं शेवाळ कोण खाणार? सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा अंगरखा बरा. तुटलेला तुकडाही खिशात घालू नये. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र पर्यटक करत नाही, नांगर करतो. नांगर पडतो तिथे एकच घाव बसतो, पण वाऱ्याबरोबर बोट फिरते तशी साखळी तळावर केरसुणीसारखी फिरते. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड यांच्या आसपासचा गाभा जेमतेम सव्वातीन. एवढ्याशा जागेत नांगराऐवजी बोट बांधायला ठरावीक जागी तरंगते बोये बसवणं अवघड नाही. काँक्रीटचा ठोकळा वाळूवर बसवावा, खडपावर नव्हे. दोराच्या मध्यावर छोटा फ्लोट बांधावा, म्हणजे ओहोटीला सैल पडलेला दोर तळ घासणार नाही. उधाणाचा चढउतार दोनेक मीटरचा, तेवढी ढील ठेवावी. पावसाळ्याआधी बोये काढून घ्यावेत आणि हंगामाच्या तोंडाशी दोर तपासून पुन्हा लावावेत.

बोट बोयालाच बांधणार का, एवढं पैसे देण्याआधी प्रत्येकानं विचारावं.

– एक वाचक, मालवण